७७००, ७६००, ७५०० : हवेत आणीबाणीचा कोड कधी लावायचा?

फ्लाइंग सुरू झालं की पहिल्या काही आठवड्यांतच ट्रान्सपॉन्डरवर, म्हणजे रडारला उत्तर देणाऱ्या विमानातल्या यंत्रावर, लावायचे हे तीन आकडे तोंडपाठ होतात. ७५०० म्हणजे अपहरण, ७६०० म्हणजे रेडिओ गेला, ७७०० म्हणजे आणीबाणी. आरटीआरच्या (रेडिओ परवान्याच्या) तोंडी परीक्षेत विचारलं तर कुणीही झोपेतून उठून सांगेल. अडचण येते ती हवेत. इंजिन खरखरू लागलंय, एटीसीशी (जमिनीवरच्या हवाई वाहतूक नियंत्रणाशी) बोलणं नीट चालू आहे, त्यांनी दिलेला कोड लावलेला आहे. आता ७७०० लावायचा की आहे तोच ठेवायचा? टॉवरने दोन हाकांना उत्तर दिलं नाही, लगेच ७६०० लावायचा का? बारामती, शिरपूर, गोंदिया किंवा परदेशातल्या एखाद्या फ्लाइंग स्कूलमध्ये नुकतीच सुरुवात केलेल्यांसाठी या प्रश्नांची उत्तरं इथे दिली आहेत. तुमच्या देशाचं एआयपी (हवाई माहितीचं पुस्तक), विमानाचं पीओएच (वैमानिकाचं हँडबुक) आणि स्कूलची एसओपी (ठरलेली कार्यपद्धत) यांत काही वेगळं असेल, तर तेच पाळायचं.

एक गोष्ट मनात पक्की धरून पुढे वाचा. कोड हा मुख्यतः त्यांच्यासाठी असतो ज्यांच्यापर्यंत तुमचा आवाज पोचत नाही. आवाज पोचत असेल तर आधी तोंडाने सांगायचं. कधी, कुठला, किती घाईने, हे जवळपास सगळं यावरून ठरतं.

ट्रान्सपॉन्डर कुणाला दिसतो आणि कुणाला नाही

जमिनीवरचा सेकंडरी रडार १०३० मेगाहर्ट्झवर विचारणा करतो आणि तुमचा ट्रान्सपॉन्डर १०९० मेगाहर्ट्झवर उत्तर देतो. मोड ए मध्ये चार आकडी कोड जातो, मोड सी मध्ये उंची आणि मोड एस मध्ये विमानाचा स्वतःचा २४ बिटचा पत्ता. कोडमधला प्रत्येक आकडा ० ते ७ मधलाच असतो, म्हणून एकूण कोड ४,०९६ होतात. त्यांतले हे तीन लागले की कंट्रोलरच्या पडद्यावर तुमच्या विमानाची खूण वेगळी दिसू लागते. अनेक यंत्रणांमध्ये ईएम, आरएफ किंवा एचजे अशी अक्षरं लुकलुकतात आणि सोबत अलार्म वाजतो. तुम्ही ज्याच्याशी बोलत होता तो एकटाच हे पाहत नाही. रडारच्या टापूतले बाकीचे कंट्रोलरही पाहतात.

हे सगळं रडारला विमान दिसत असेल तर. रडार सरळ रेषेत पाहतो. अँटेना जमिनीलगत आहे आणि प्रदेश सपाट आहे असं धरलं, तर १,००० फुटांवरचं विमान त्याला साधारण ३९ नॉटिकल मैलांपर्यंत दिसतं आणि ३,००० फुटांवरचं ६७ मैलांपर्यंत. मध्ये सह्याद्रीची एखादी धार आली की हे अंतर आणखी घटतं. म्हणजे रडारपासून दूरच्या छोट्या धावपट्टीवर सर्किट (तिच्याभोवतीच्या ठरलेल्या फेऱ्या) मारताना १,००० फुटांवर इंजिन बंद पडलं, तर तुमचा ७७०० बहुधा कुणालाच दिसणार नाही. तिथे तुमच्या मदतीला येणार असतो तो एरोड्रोमच्या फ्रीक्वेन्सीवर ऐकत बसलेला माणूस. शिकाऊ वैमानिकाने हे विशेष लक्षात ठेवावं, कारण त्याचं बहुतेक उड्डाण याच उंचीवर होतं.

७७०० : आधी विमान, मग बोलणं, मग कोड

इंजिन गेलं असं समजा. सेसना १७२एस असेल तर पहिलं काम ६८ नॉट धरण्याचं. ग्लाइड स्पीड (इंजिनाशिवाय तरंगत जाण्याचा वेग) आला की उतरायची जागा निवडायची आणि नाक तिकडे वळवायचं. मग फ्युएल शटऑफ व्हॉल्व्ह आत, सिलेक्टर बोथवर, ऑक्झिलरी पंप चालू, मिक्स्चर रिच, इग्निशन बोथवर. एवढं झालं की रेडिओ. ३,००० फुटांवर असाल तर जमिनीला टेकेपर्यंत हाती सुमारे चार मिनिटं असतात, आणि त्यांतला मोठा हिस्सा या कामांतच जातो. एव्हिएट, नेव्हिगेट, कम्युनिकेट (विमान सांभाळा, वाट धरा, मग बोला) हा क्रम भिंतीवर लिहिलेला असतो तो याचसाठी. कोड त्यातल्या तिसऱ्या पायरीवर आहे आणि तिथेही आवाजानंतर.

आता मूळ प्रश्न. एटीसीने कोड दिलेला आहे, बोलणं चालू आहे आणि आणीबाणी आली. इकाओचा (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचा) नियम इथे स्पष्ट आहे. तुम्हाला आधीच विशिष्ट कोड दिला असेल, तर एटीसी दुसरं काही सांगेपर्यंत तोच ठेवायचा. कंट्रोलरने तुम्हाला त्या कोडवर ओळखलेलं असतं. तुमचं नाव, उंची, फ्लाइट प्लॅन सगळं त्याच्याशी जोडलेलं असतं. तुम्ही 'मेडे' हा आणीबाणीचा शब्द म्हणालात आणि त्याने ऐकलं, की कोड बदलून त्याला नवीन काही कळत नाही. ७७०० लावा असं त्याने सांगितलं तर लावायचा.

याच नियमात एक मोकळीकही आहे. ७७०० लावणंच योग्य, असं मानायला ठोस कारण असेल तर वैमानिक तो स्वतःहून लावू शकतो. ठोस कारणं कोणती? फ्रीक्वेन्सीवर एवढी गर्दी आहे की मध्ये बोलताच येत नाही. मेडे दिला पण उत्तर आलं नाही. एका सेक्टरमधून दुसऱ्यात जाताना नेमका मधल्या क्षणी प्रसंग ओढवला. केबिनमधला दाब गेला आणि विमान झपाट्याने खाली आणावं लागतंय, तेव्हा आसपासच्या प्रत्येक कंट्रोलरला ते दिसायलाच हवं. आणि एटीसीने तुम्हाला कोडच दिलेला नसेल, म्हणजे तुम्ही अमेरिकेत १२०० वर, युरोपात ७००० वर किंवा इतरत्र २००० वर व्हीएफआर (बाहेर डोळ्यांनी पाहत) उडत असाल आणि कुणाशीच बोलत नसाल, तर प्रश्नच नाही. १२१.५ या आणीबाणीच्या फ्रीक्वेन्सीवर मेडे आणि ट्रान्सपॉन्डरवर ७७००, दोन्ही करायचं.

कशाला आणीबाणी म्हणायचं यावर नवखे फार अडखळतात. आग, धूर, इंजिन बंद, कंट्रोल अडकणं, वैमानिकाला भोवळ येणं हे कुणालाही पटतं. पण इन्स्ट्रुमेंट रेटिंग नसताना ढगात शिरणं हीसुद्धा पूर्ण वाढलेली आणीबाणीच आहे. वाट चुकली, अंधार पडू लागला आणि इंधन मोजकं उरलं, हीसुद्धा. संकोच वाटतो, 'उगाच गाजावाजा कशाला' असं मनात येतं, शिक्षक काय म्हणतील ही धाकधूक असते. हा संकोच जीवघेणा आहे. २५ जानेवारी १९९० रोजी न्यूयॉर्कजवळ आव्हियांकाचं ५२ क्रमांकाचं विमान इंधन संपून कोसळलं, १५८ पैकी ७३ माणसं गेली. तासाभरापेक्षा जास्त वेळ ते होल्डिंगमध्ये, म्हणजे उतरायची पाळी येईपर्यंत हवेत, फिरत होतं. इंधन कमी असल्याचं त्यांनी कंट्रोलरला सांगितलं, प्राधान्यही मागितलं, पण आणीबाणी जाहीर करणारा शब्द शेवटपर्यंत उच्चारला नाही. आज इंधनासाठी दोन ठरलेली वाक्यं आहेत. आता आणखी उशीर झाला तर राखीव इंधनाला हात लागेल, अशी वेळ आली की 'मिनिमम फ्युएल'. उतरताना ठरलेल्या अंतिम राखीव साठ्यापेक्षा कमीच उरणार हे दिसलं की 'मेडे, मेडे, मेडे, फ्युएल'. पहिलं म्हणजे फक्त पूर्वसूचना, त्यासाठी ७७०० नको. दुसरं म्हणजे आणीबाणी.

'पॅन-पॅन' हा मधला दर्जा. परिस्थिती तातडीची आहे पण या क्षणी जिवावर बेतलेलं नाही, म्हणजे आजारी प्रवासी किंवा एका यंत्रणेतला बिघाड. इथे तोंडाने सांगणं पुरतं आणि दिलेला कोड तसाच राहतो.

उलट टोकाचं उदाहरण १५ जानेवारी २००९ चं. यूएस एअरवेजच्या १५४९ क्रमांकाच्या विमानाला पक्षी धडकले आणि दोन्ही इंजिनांची ताकद गेली. तिथपासून हडसन नदीत उतरेपर्यंत साडेतीन मिनिटंही नव्हती. सहवैमानिक चेकलिस्ट वाचत होता, त्यात एटीसीला कळवा आणि ७७०० लावा ही ओळही आली. पण मेडे आधीच दिला होता, कंट्रोलर दर काही सेकंदांनी धावपट्ट्या सुचवत होता आणि कॅप्टनचं लक्ष डाव्या इंजिनात जीव येतोय का याकडे होतं. तेच बरोबर होतं. ज्याला कळायला हवं त्याला कळलेलं असेल, तर कोडसाठी विमानावरची नजर काढायची नाही.

बटणं दाबताना

हे जमिनीवर, इंजिन आणि ट्रान्सपॉन्डर दोन्ही बंद असताना, नुसतं बोट फिरवून सरावाने हातात बसवा. जी१००० हे डिजिटल पॅनल असलेल्या विमानात पीएफडीच्या (मुख्य पडद्याच्या) खालच्या ओळीत एक्सपीडीआरची (ट्रान्सपॉन्डरची) सॉफ्टकी आहे. ती दाबली की कोडची येते, ती दाबली की ० ते ७ आकडे बटणांवर उमटतात. ७, ७, ०, ०. एवढंच. आयडेंटची (कंट्रोलरच्या पडद्यावर तुमची खूण उठून दिसावी यासाठीची) सॉफ्टकी त्याच ओळीत आहे, ती एटीसीने मागितल्याशिवाय दाबायची नाही. कोड लावून झाल्यावर मोड एएलटीवर आहे ना हे पाहून घ्या, नाहीतर उंची जाणार नाही.

जुन्या विमानांत चार फिरक्यांचा ट्रान्सपॉन्डर भेटतो, किंगचा केटी ७६ए हा त्यातला ओळखीचा. तिथे एकेक आकडा फिरवत न्यावा लागतो आणि वाटेत नको तो कोड लागू शकतो. अमेरिकी हवाई नियमपुस्तिका याचं नेमकं उदाहरण देते. २७०० वरून ७२०० वर जायचं असेल तर आधी दुसरा आकडा बदलून २२०० करा आणि मग पहिला. उलट केलंत तर मध्येच ७७०० लागतो आणि अलार्म वाजतो. फिरकीला हात लावण्याआधी कुठला आकडा आधी बदलायचा हे मनात ठरवलेलं असावं.

चुकून लागलाच तर? लगेच योग्य कोड लावायचा आणि एटीसीला एका वाक्यात सांगायचं की कोड चुकून लागला होता, सगळं ठीक आहे. गुपचूप बदलून गप्प बसू नका, कारण पलीकडे कुणीतरी तुमच्यासाठी फोन उचललेला असतो. चालू ट्रान्सपॉन्डरवर कुणाला 'असा लावतात बघ' म्हणून दाखवायचंही नाही. ६ नोव्हेंबर २०१९ रोजी ॲम्स्टरडॅमच्या स्कीपोल विमानतळावर एअर युरोपाच्या विमानातून अपहरणाची सूचना चुकून गेली आणि विमानतळाचा काही भाग बंद करून सुरक्षा दलं धावली.

७६०० : रेडिओ खरंच गेलाय का?

हा कोड लावायची वेळ बाकी दोघांपेक्षा जास्त येते, आणि त्यात घाई करण्यात अर्थ नसतो. 'रेडिओ गेला' अशा कित्येक प्रसंगांत रेडिओ शाबूत असतो. हेडसेटची पिन अर्धी बाहेर आलेली असते. ऑडिओ पॅनलवर कॉम १ (पहिला रेडिओ) ऐवजी दुसरंच काही निवडलेलं असतं. आवाजाची फिरकी गुडघ्याने कमी झालेली असते. पुश-टू-टॉकचं (बोलताना दाबायचं) बटण अडकलेलं असतं आणि टीएक्सची (संदेश जात असल्याची) खूण सतत पेटलेली असते. तसं असेल तर तुमच्यामुळे बाकी सगळ्यांची फ्रीक्वेन्सी अडलेली असते. आणि सगळ्यात जास्त वेळा फ्रीक्वेन्सीचाच एक आकडा चुकलेला असतो.

म्हणून आधी हेडसेट, आवाज, ऑडिओ पॅनल आणि फ्रीक्वेन्सी पाहा. मग कॉम २ वापरून पाहा. आधीच्या सेक्टरच्या फ्रीक्वेन्सीवर हाक मारा, नंतर १२१.५ वर. दुसऱ्या एखाद्या विमानाला तुमचा निरोप पुढे द्यायला सांगता येतं. यातलं काहीच चाललं नाही, तर ७६०० लावायचा.

आपण संपर्काबाहेर आहोत हेच लक्षात आलं नाही, तर पुढची पंचाईत. १६ फेब्रुवारी २०१७ रोजी मुंबईहून लंडनला निघालेल्या जेट एअरवेजच्या विमानाचा जर्मनीवरून जाताना एटीसीशी संपर्क तुटला. काही वेळातच जर्मन हवाई दलाची लढाऊ विमानं शेजारी आली. संपर्क पुन्हा जुळला आणि विमान लंडनला सुखरूप उतरलं. आपल्याकडे तर उड्डाणाला एफआयसी (फ्लाइट इन्फर्मेशन सेंटर) आणि एडीसी (हवाई संरक्षण मंजुरी) नंबर घेतल्यापासूनच हवाई दलाला तुमची माहिती असते. गप्प झालेल्या विमानाकडे कुणाचंही लक्ष जातंच. शक्य असेल तर कॉम २ वर १२१.५ लावून ठेवायची सवय पहिल्या दिवसापासून करा. कधी लढाऊ विमान शेजारी आलंच, तर त्याच्या खुणा पाळायच्या, १२१.५ वर बोलायचा प्रयत्न करायचा, आणि एटीसीने वेगळं सांगितलेलं नसेल तर कोड ७७०० लावायचा, ७६०० नव्हे. ही गोष्ट फार थोड्या विद्यार्थ्यांना माहीत असते.

७६०० लावल्यावर गप्प बसायचं नाही. तुमचं बोलणं जात असेल पण ऐकू येत नसेल, असंही होतं. म्हणून 'ट्रान्समिटिंग ब्लाइंड' म्हणून आपली जागा, उंची आणि पुढचा बेत सांगत राहायचं. उलटही शक्य आहे. तुम्हाला ऐकू येतंय पण तुमचं जात नाही, अशा वेळी ट्रान्सपॉन्डरच तुमचा आवाज होतो. ७६०० दिसला की कंट्रोलर विचारतो, 'ऐकू येत असेल तर आयडेंट दाबा' किंवा 'अमुक कोड लावा'. तुम्ही तसं केलंत की त्याला कळतं, रिसीव्हर चालू आहे. तिथून पुढे तो सूचना देतो आणि तुम्ही आयडेंटने किंवा कोड बदलून होकार देता. अशी अख्खी अप्रोच पार पाडता येते. म्हणून ७६०० लावल्यावर स्पीकर चालू ठेवा आणि कान तिकडे असू द्या.

व्हीएफआर असाल आणि बाहेर नीट दिसत असेल, तर तसंच दिसत राहील असं उडत जवळच्या योग्य एरोड्रोमवर उतरायचं. आयएफआरमध्ये (उपकरणांच्या आधारे उडताना) ढगात असाल तर शेवटचा दिलेला स्पीड आणि लेव्हल ठरावीक काळ धरून ठेवायची, मग फ्लाइट प्लॅनप्रमाणे जायचं. रडारच्या टापूत इकाओचा हा काळ ७ मिनिटांचा आहे, रडार नसलेल्या भागात २० मिनिटांचा. अमेरिकेचे नियम यापेक्षा वेगळे आहेत, तिथे शिकणाऱ्यांनी ते वेगळे पाठ करावेत. काही जुन्या अमेरिकी पुस्तकांत आधी एक मिनिट ७७०० आणि मग ७६०० असं लिहिलेलं सापडतं. ती पद्धत आता नाही.

टॉवर असलेल्या ठिकाणी उतरताना टॉवरच्या काचेकडे पाहत राहा. स्थिर हिरवा म्हणजे उतरा. लुकलुकता हिरवा म्हणजे उतरण्यासाठी परत या, मग वेळ आल्यावर स्थिर हिरवा मिळेल. स्थिर लाल म्हणजे दुसऱ्याला वाट द्या आणि सर्किटमध्ये फिरत राहा. लुकलुकता लाल म्हणजे एरोड्रोम सुरक्षित नाही, उतरू नका. कळलं हे सांगायला दिवसा पंख हलवायचे, रात्री लँडिंग लाइट दोनदा लावून बंद करायचा.

वीज पुरवणारा आल्टरनेटर गेल्यामुळे रेडिओ बंद पडला असेल, तर ट्रान्सपॉन्डरही त्याच बॅटरीवर आहे हे विसरू नका. कोड वेळेत लावा आणि बाकीचं विजेचं ओझं कमी करा. बॅटरी संपली की ७६०० सुद्धा जातो आणि उरतात ते टॉवरचे दिवेच.

७५०० : खरं असेल तरच

शिकाऊ वैमानिकाला हा लावायची वेळ जवळपास येत नाही, पण त्याचा नियम बाकी दोघांपेक्षा फार वेगळा आहे. विमानात बेकायदा हस्तक्षेप होत असेल तर कॅप्टनने ७५०० लावायचा प्रयत्न करायचा, आणि प्रसंग तसाच असेल तर त्याऐवजी ७७००. कोड दिसला की कंट्रोलर साध्या शब्दांत खात्री करून घेतो, तुम्ही ७५०० लावला आहे का? कोड चुकून लागला असेल तर तत्क्षणी आणि स्पष्ट 'नाही' म्हणायचं. खरा असेल तर दुजोरा द्यायचा किंवा उत्तरच द्यायचं नाही. आणि ते मौनसुद्धा एटीसी होकारच धरतं, कारण कॉकपिटमध्ये कुणीतरी ऐकत उभं असू शकतं. म्हणजे चुकून ७५०० लावून तुम्ही नुसते गप्प राहिलात, तर अपहरण झाल्याचं तुम्हीच पक्कं केलंत.

गैरसमज किती दूर जाऊ शकतो हे ११ सप्टेंबर २००१ रोजी दिसलं. सोलहून अँकरेजकडे येणाऱ्या कोरियन एअरच्या ०८५ क्रमांकाच्या विमानातून गेलेल्या एका लेखी संदेशात अपहरणाचं सूचक मानली जाणारी अक्षरं होती. एटीसीने विचारणा केली, त्यातून वैमानिकांनी ७५०० लावला, आणि लढाऊ विमानांच्या पहाऱ्यात ते कॅनडातल्या व्हाइटहॉर्सला उतरवलं गेलं. विमानात काहीच घडलेलं नव्हतं. एटीसीची एखादी विचारणा कळली नाही, तर अंदाजाने ७५०० लावायचा नाही. साध्या भाषेत परत विचारायचं. ७७०० बाबत शंका आली तर लावा, ७५०० बाबत शंका असेल तर हात लावू नका.

उतरल्यावर

प्रसंग हवेतच निवळला असेल, म्हणजे इंजिन पुन्हा नीट चालू लागलं किंवा ढगातून बाहेर आलात, तर मेडे रद्द करत असल्याचं एटीसीला सांगायचं आणि कोणता कोड लावू ते विचारायचं. मनाने जुन्या कोडवर परत जायचं नाही.

रेडिओ नसताना टॉवर नसलेल्या पट्टीवर उतरलात, तर इंजिन बंद करून पहिलं काम फोन. एटीसीला, फ्लाइट इन्फर्मेशन सेंटरला किंवा निदान स्कूलच्या ऑपरेशन्सला, जो लवकर लागेल तो. तुम्ही सुखरूप उभे आहात हे फक्त तुम्हाला माहीत असतं. अपेक्षित वेळेनंतर ३० मिनिटांत पत्ता लागला नाही की नियमाप्रमाणे तुमच्या विमानासाठी पहिला इशारा निघतो, उतरायची परवानगी मिळूनही ५ मिनिटांत उतरला नाहीत तर त्याच्याही वरचा. पुढे शोधासाठी माणसं आणि विमानं निघतात. त्यामुळे ते नंबर उड्डाणाआधीच फोनमध्ये भरून ठेवा आणि फोन खिशात ठेवा, मागच्या सीटवरच्या बॅगेत नको.